घाटापलीकडे बोलायचं तर कोणता सेट? छोटा हॅम रेडिओ निवडताना

बेळगाव ते पणजी हे हवाई अंतर जेमतेम ८०-८५ किलोमीटर. मोबाइलवर ते जाणवतही नाही. पण २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी कोल्हापूर, सांगली, चिकोडी, निपाणी भागात काढला, त्यांना वेगळा अनुभव आहे. पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला, वीज गेली, की टॉवरच्या बॅटऱ्या किती वेळ टिकणार? मग हातातला फोन टॉर्च म्हणूनच उरतो. अशा वेळी हमखास हॅम रेडिओची आठवण निघते. पूर ओसरला की चार तरुण चौकशी करतात, कुणीतरी ऑनलाइन वॉकीटॉकीसारखा स्वस्त सेट मागवतो आणि पुढच्या पावसाळ्यात कळतं की त्याचा आवाज गावाच्या वेशीपलीकडे जात नाही.

सेट बिघडलेला नसतो, निवड चुकलेली असते. छोटा सेट घेताना बहुतेक जण वजन, स्क्रीन आणि किंमत बघतात. खरा प्रश्न एकच असतो: बोलायचं कुणाशी, आणि मध्ये काय आहे? खानापूरहून वाळपईला बोलायचं तर मध्ये सह्याद्री आहे. बेळगावहून इंदूरच्या मावसभावाशी बोलायचं तर मध्ये पावणेआठशे किलोमीटर आहेत. या दोन्ही कामांना खिशातला वॉकीटॉकी चालत नाही. आणि गंमत म्हणजे, दोन्ही कामं एकाच प्रकारच्या सेटने होतात.

आधी लायसन्स, मग सेट

हे आधीच सांगितलेलं बरं. भारतात लायसन्सशिवाय ट्रान्समीटर नुसता घरात बाळगणंही बेकायदेशीर आहे, वापरणं तर दूरच. त्यासाठी अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेटची परीक्षा द्यावी लागते. ती केंद्राच्या दूरसंचार विभागाची, त्यातल्या डब्ल्यूपीसी शाखेची. अर्ज सरल संचार या पोर्टलवर होतो. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, म्हणजे शाळकरी मुलंही बसू शकतात. श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्सची परीक्षा नाही, जनरलला आहे.

निवडीशी याचा थेट संबंध आहे. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मिळणारी शक्तीची मर्यादा जनरलपेक्षा बरीच कमी आहे. १०० वॅटचा सेट त्या लायसन्सवर पूर्ण ताकदीने चालवता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी १०० वॅटच्या मागे पळण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय सेट घेऊन फिरायचा विचार असेल, गाडीत किंवा डोंगरावर, तर फिरत्या केंद्राबद्दल लायसन्सच्या अटींत काय लिहिलंय ते आधी वाचावं.

सीमाभागातल्या वाचकाला एक गोष्ट आवडेल. भारतातल्या कॉल साइनवरून राज्य कळत नाही. जनरलची कॉल साइन व्हीयू-२ ने सुरू होते, रिस्ट्रिक्टेडची व्हीयू-३ ने. मग माणूस बेळगावचा असो, म्हापशाचा असो की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला. अंदमानला व्हीयू-४ आणि लक्षद्वीपला व्हीयू-७ हे अपवाद. बाकी सगळे एकाच माळेत.

ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकीटॉकीबद्दल इथेच बोलून घेऊ. ४४६ मेगाहर्ट्झवरचे अगदी कमी शक्तीचे सेट २०१८ च्या नियमांनी लायसन्समुक्त झाले आहेत. ते खेळण्यापेक्षा थोडे बरे, लग्नाच्या मांडवात किंवा शेतात उपयोगी. हॅम रेडिओ नव्हेत. त्याच पानावर त्याच फोटोसारखे दिसणारे ५ वॅटचे सेट मात्र लायसन्सचे असतात, आणि ते तसं न सांगता विकले जात असल्यामुळेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाला "येताना एक सेट घेऊन ये" असं सांगणाऱ्यांनीही जपून. आयातीची परवानगी नसेल तर तो सेट कस्टम्सला अडकतो, आणि उत्तरं नातेवाइकाला द्यावी लागतात.

हातातला सेट कुठवर जातो

हॅममंडळी ज्याला हँडी म्हणतात तो हातातला सेट व्हीएचएफ आणि यूएचएफवर चालतो. भारतात हॅमना यात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. बाओफेंग यूव्ही-५आर हा या जातीचा सगळ्यांत परिचित सेट. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झपर्यंत उघडा येतो, म्हणजे पोलिस, रेल्वे, खासगी कंपन्या अशा कुणाच्याही पट्ट्यात चुकून बटण दाबलं जाऊ शकतं. जपानी सेटही बरेचदा ४३० ते ४४० साठी केलेले असतात. आपल्याकडे त्यातला मधलाच तुकडा आपला. सेट हातात आला की पहिलं काम म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेर प्रक्षेपण होणार नाही अशी मांडणी करून घेणं.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अंदाज काढायची सोपी रीत अशी: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१ ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये. हातात धरलेला सेट दीड मीटरवर असतो, म्हणजे ५ किलोमीटर. समोरच्याचाही तसाच, म्हणून दोघांत १०. तेही मोकळ्या माळावर. शहापूरच्या दाटीत त्याच्या निम्मंही नाही. दोघांनीही गच्चीवर १० मीटर उंचीला अँटेना लावली तर २६ किलोमीटर. शक्ती ५ वॅटवरून ५० केली तरी हा आकडा फारसा हलत नाही, कारण अडचण शक्तीची नाही, जमिनीच्या वळणाची आहे. आणि मध्ये जांबोटी-चोर्ल्याचा घाट आला की गणितच संपलं.

यावर तोड म्हणजे रिपीटर. डोंगरमाथ्यावरचं यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच पाठवतं. दोन्ही बाजूंना डोंगर दिसत असेल तर हँडीनेही ५०-१०० किलोमीटर बोलता येतं. ज्या शहरात चांगला रिपीटर आणि रोज बोलणारी मंडळी आहेत तिथे हँडी घेणं शहाणपणाचंच. पण रिपीटरलाही वीज लागते, त्याचीही बॅटरी उतरते, त्याच्यावरही वीज पडते. पुराच्या दिवसात ज्याची गरज पडावी तीच वस्तू डोंगरावर आणि रस्ता बंद, असं होऊ शकतं.

आकाशातून खाली

घाट ओलांडायचा तर वरून जावं लागतं. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या एचएफ लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून, आयनोस्फियरमधून, वळून परत खाली येतात. ७ मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला हॅम मंडळी ४० मीटर म्हणतात, दिवसा यासाठी फार कामाचा. भारतात तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. अँटेना जमिनीपासून फार उंच नसली तर लहर जवळपास सरळ वर जाते आणि छत्रीसारखी आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरवर उतरते. सह्याद्री या छत्रीच्या खाली येतो, वाटेत येत नाही. बेळगाव–कोल्हापूर १०० किलोमीटर, बेळगाव–हैदराबाद साडेचारशे, वडोदरा–इंदूर पावणेतीनशे, इंदूर–ग्वाल्हेर साडेचारशेच्या आसपास; हे सगळं दिवसाच्या ४० मीटरच्या आवाक्यातलं आहे. मध्ये ना टॉवर, ना रिपीटर, ना इंटरनेट.

रात्री चित्र बदलतं. अंधार पडला की वरचा थर विरळ होतो, ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर परत येत नाही आणि जवळची स्टेशनं ऐकू येईनाशी होतात. कोल्हापूर गायब, पण हजार-दोन हजार किलोमीटरवरचं स्टेशन खणखणीत. तेव्हा ८० मीटरच्या, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरावं लागतं. नवख्याला वाटतं सेट बिघडला. असंच १४ मेगाहर्ट्झचं: तिथे युरोप सहज मिळतो, पण पणजी मिळत नाही, कारण लहर पणजीच्या डोक्यावरून निघून जाते. त्यामुळे फक्त २० आणि १५ मीटरवर चालणारा छोटा सेट कितीही गोजिरवाणा असला तरी आपल्या लोकांशी बोलायला निरुपयोगी. सेटमध्ये ४० आणि ८० मीटर दोन्ही हवेत, ही पहिली अट धरावी.

इंटरनेट-टॉवर नसताना एचएफ काय करतं याचं आपल्या देशातलं सगळ्यांत ठळक उदाहरण अंदमानचं आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओची तुकडी हौशी मोहीम म्हणून पोर्ट ब्लेअरला गेली होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच सेटवरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. मोहीम जगभरच्या हॅमशी हौसेने बोलण्यासाठी निघाली होती; अँटेना उभी होती आणि चालवणारे सरावाचे होते, म्हणून ते जमलं.

किती वॅट पुरतात

छोटे सेट ५, १० किंवा २० वॅटचे असतात, मोठे १०० चे. ऐकायला फरक प्रचंड वाटतो. पण समोरच्याच्या मीटरवर तो तसा दिसत नाही. रेडिओत सिग्नल एस-युनिटमध्ये मोजतात आणि एक एस-युनिट वाढवायला शक्ती चौपट लागते. ५ वॅटवरून २० वर गेलात, एक एस-युनिट. २० वरून ८० वर, आणखी एक. म्हणजे ५ आणि १०० वॅटमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन एस-युनिटांचा फरक.

हा फरक कधी महत्त्वाचा? समोरच्याकडे गोंगाट असेल तेव्हा. आणि शहरात तो असतोच. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर हे सगळे एचएफवर खरखर ओततात. त्या खरखरीच्या वर डोकं काढायला बोलण्यासाठी ५ वॅट बरेचदा अपुरे पडतात, १० वर निभावतं, २० वर निवांत बोलता येतं. मोर्सवाल्यांचा हिशेब निराळा. मोर्सचा सिग्नल इतक्या अरुंद जागेत मावतो की ५ वॅट त्यांना भरपूर होतात, म्हणूनच जगभरच्या अगदी चिमुकल्या सेटांचं कौतुक मुख्यतः मोर्सवाले करतात. ते कौतुक ऐकून मराठीतून गप्पा मारायला ५ वॅटचा सेट घेतला की हिरमोड ठरलेला.

नावानिशी काही सेट

आपल्याकडे सध्या ज्यांची चर्चा होते त्यांत शिएगू जी९० हा चिनी सेट पहिल्यांदा सेट घेणाऱ्याला सगळ्यांत सोयीचा. १६० ते १० मीटर, २० वॅट, वजन दीड किलोच्या थोडं वर, पुढचा भाग सुटा होतो. महत्त्वाचं म्हणजे आत स्वयंचलित अँटेना ट्यूनर आहे आणि तो बराच समजूतदार आहे. अँटेना थोडी वाकडीतिकडी असली तरी जुळवून घेतो. व्हीएचएफ नाही आणि आत बॅटरीही नाही. वापरताना पंखा, आवाज, बटणं यांत जपानी सफाई नाही हेही खरं. पण तो १०.५ व्होल्टपर्यंत चालतो, आणि हा आकडा जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. लोडशेडिंगच्या रात्री, अर्धी उतरलेली बॅटरी असताना, त्याची किंमत कळते.

आयकॉमचा आयसी-७०५ हा २०२० मध्ये आलेला सेट म्हणजे या गटातला श्रीमंत पाहुणा. एचएफ, ५०, १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झ एकाच डब्यात. रंगीत पडद्यावर पट्ट्यात कोण कुठे बोलतंय ते धबधब्यासारखं दिसतं. जीपीएस, ब्लूटूथ, वाय-फाय सगळं आहे. पाठीला लावायच्या बॅटरीवर ५ वॅट, बाहेरच्या १३.८ व्होल्टवर १०. वजन सव्वा किलोच्या आत. मात्र आत ट्यूनर नाही. इतके पैसे मोजून ट्यूनर वेगळा घ्यावा लागतो हे अनेकांना सेट घरी आल्यावर कळतं. ज्याला गावातला रिपीटरही हवा आहे आणि इंदूर-वडोदऱ्याची गप्पाष्टकंही, आणि पैशांची अडचण नाही, त्याने डोळे मिटून घ्यावा. फक्त पावसाळ्यात तो नदीकाठी न्यायचा धीर होईल का, हे स्वतःला विचारावं. सेट इतका महागडा की कपाटातून बाहेरच निघत नाही, असंही होतं.

येसूचा एफटी-८१८ आणि त्याचा थोरला भाऊ एफटी-८१७ यांनी या वर्गाला जन्म दिला म्हटलं तरी चालेल. किलोच्या आतबाहेर वजन, एचएफपासून यूएचएफपर्यंत सगळं, पण जास्तीत जास्त ६ वॅट. दोन्हींचं उत्पादन बंद झालं आहे, म्हणून मिळाला तर सेकंडहँडच. २०२५ मध्ये कंपनीने एफटीएक्स-१ आणला. बॅटरीवर ६ वॅट, बाहेरच्या विजेवर १०. अमेरिकेतल्या एलेक्राफ्टचा केएक्स२ हा हातावर मावतो, पर्याय न जोडता वजन ३७० ग्रॅमच्या आसपास, आणि ऐकताना इतकी कमी वीज खातो की छोट्या बॅटरीवर दिवस निघतो. ट्रेकरांचा लाडका. दुरुस्तीसाठी मात्र सातासमुद्रापार पाठवायची तयारी ठेवावी.

"कॉम्पॅक्ट" या शब्दाला फसून काही जण येसूचा एफटी-८९१ घेतात. सेट उत्तम आहे, १०० वॅट, आणि आकार खरंच लहान, वजन दोन किलोच्या आत. पण पूर्ण शक्तीवर त्याला २३ अँपिअर लागतात. डबा लहान, भूक मोठी. मोटारीत बसवायला किंवा घरी मोठ्या बॅटरीला जोडून २०-३० वॅटवर चालवायला चांगला. पाठपिशवीत नेण्यासाठी नाही.

आणि एक सेट आपल्या शेजारच्याच शहरातला. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचं ट्रान्सीव्हरचं डिझाइन सगळ्यांना खुलं केलं. बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरून कुणालाही घरी बनवता यावं, हा हेतू. पुढे त्यांच्या एचएफ सिग्नल्सकडून बिटएक्स-४० आणि नंतर मायक्रोबिटएक्स हे तयार बोर्डाच्या रूपात आले, आणि जगभरच्या हॅमनी ते मागवले. मायक्रोबिटएक्स ३ ते ३० मेगाहर्ट्झवर चालतो, खालच्या पट्ट्यांवर १० वॅटच्या आसपास देतो, वरच्यांवर कमी. त्यात दिमाख नाही. पण सर्किटचा नकाशा उघडा आहे, सोल्डरिंगची कल्पना असलेला माणूस तो स्वतः दुरुस्त करू शकतो. कॉलेजच्या मुलांच्या गटाने घ्यावा असा हाच. जुना घेताना एक बघावं: सुरुवातीच्या आवृत्त्या नको त्या फ्रिक्वेन्सीवरही थोडं प्रक्षेपण सोडत, पाचव्या आवृत्तीत ते सुधारलं. आधीची असेल तर फिल्टरची सुधारणा केली आहे का विचारावं. याच घरातला पुढचा सेट, एसबिटएक्स, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो.

बॅटरीचा हिशेब

घरात यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असते, तीच धरून चालू. ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे कामाचे साडेतीन अँपिअर-तास. जी९० नुसता ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर खातो. दर तासात सहा मिनिटं बोललो आणि बोलताना सरासरी ३ अँपिअर धरले, तर तासाला ०.८-०.९. म्हणजे चार तास. ठरावीक वेळीच सेट लावायचा, सकाळी नऊला दहा मिनिटं आणि दुपारी तीनला दहा मिनिटं असा नेम केला, तर तीच बॅटरी आठवडाभर पुरते. आपत्तीत सेट चोवीस तास चालू ठेवणं हा हौशी चुकीचा प्रकार आहे. वेळ ठरवून भेटणं हा जुना, भरवशाचा.

नवी घ्यायची तर लिथियम आयर्न फॉस्फेटची, लोक जिला एलएफपी म्हणतात ती घ्यावी. व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या जवळ टिकतं. शिसे-आम्लाची बॅटरी भाराखाली १२ च्या खाली घसरते आणि ११.७ व्होल्टची खालची मर्यादा असलेला एफटी-८९१ सारखा सेट बोलतानाच रुसतो. वायर जाड घ्यावी, फ्यूज बॅटरीजवळ लावावा, लाल-काळं उलटं बसणार नाही असा कनेक्टर वापरावा. सेट जळण्याची सगळ्यांत सामान्य तऱ्हा म्हणजे अंधारात उलटी जोडलेली बॅटरी. घरी वीज असताना स्वस्त एसएमपीएसवर चालवून बघितलं आणि नुसती खरखर आली, तर सेटला दोष देण्याआधी तो बॅटरीवर लावून पाहावा.

तार

सेटवर सगळे पैसे संपवून अँटेनासाठी काही न उरणं ही नेहमीची गोष्ट. खरं तर ४० मीटरची चांगली अँटेना म्हणजे साधी तांब्याची तार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं: ७.१ साठी २० मीटर आणि थोडी. मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, मध्ये कोअ‍ॅक्स केबल. हा डायपोल. नारळाच्या दोन झाडांत, गच्चीच्या पाण्याच्या टाकीपासून समोरच्या आंब्यापर्यंत, कुठेही. ६ ते ८ मीटर उंची जवळच्या राज्यांशी बोलायला छान. जास्त उंच नेण्याची धडपड करू नये. तार थोडी लांबच कापावी आणि मीटरवर बघत दोन्हीकडून सारखी कमी करत यावं. कापलेली तार परत जोडताना सगळे शिव्या देतात.

वीस मीटर जागा नसेल तर मध्ये एक बांबू उभा करून दोन्ही टोकं खाली आणावीत, उलट्या व्ही सारखी. टोकाला बोलताना चांगलं व्होल्टेज असतं, म्हणून मुलांचा हात पोचणार नाही एवढी वर बांधावीत. महावितरणची असो, हेस्कॉमची असो की गोव्याच्या वीज खात्याची, लाइन जवळपास असेल तर ती जागाच नको; तार तुटून पडली तरी लाइनला लागणार नाही इतकं अंतर हवं. आणि पहिला गडगडाट ऐकू आला की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर. वळीव सुरू झाल्यावर धावणारे सेट गमावतात.

ट्यूनरबद्दल गैरसमज फार. तो अँटेना सुधारत नाही. सेटला वाटतं सगळं ठीक आहे, इतकंच करतो. लांब, बारीक केबलमध्ये वाया जाणारी शक्ती वायाच जाते. ८ मीटर काठीवरच्या डायपोलला जोडलेला १० वॅटचा सेट, बाल्कनीतल्या दांडीला जोडलेल्या १०० वॅटच्या सेटला घरच्या अंतरावर सहज मागे टाकतो.

सेकंडहँड घेताना

छोटे सेट हात बदलत राहतात आणि चांगले मिळूनही जातात. पण फोटोवर घेऊ नये. सेट कुठून आला, आयातीचे किंवा खरेदीचे कागद आहेत का, विकणाऱ्याची कॉल साइन कुठली, हे विचारण्यात लाजू नये. खरा हॅम उलट खूश होतो. समोर बसून डमी लोड आणि पॉवर मीटर लावून प्रत्येक पट्ट्यावर शक्ती बघावी. एफटी-८१७ च्या जुन्या सेटांत शेवटचे ट्रान्झिस्टर उडण्याची खोड होती, म्हणून ती चाचणी सोडूच नये. मायक्रोफोनची वायर हलवत बोलून पाहावं. सेट दमट गोव्यात किंवा कोकणपट्टीत दहा पावसाळे राहिला असेल तर अँटेनाचं सॉकेट आणि बॅटरीचे संपर्क हिरवे पडलेत का बघावं. मागे ४० मीटरवर कुणी बोलत असताना ऐकावं, आणि जमलं तर विकणाऱ्याकडूनच एक हाक मारून घ्यावी. साडेचारशे किलोमीटरवरून मराठीत "आवाज चांगला येतोय, पाऊस आहे का तिकडे?" असं उत्तर आलं, तर बाकीची घासाघीस किमतीपुरतीच.